जोनाथन मॅन

जोनाथन मॅन (३० जुलै, १९४७ - २ सप्टेंबर, १९९८) हे अमेरिकन डॉक्टर आणि साथरोगतज्ज्ञ होते. मानवी हक्कांचे रक्षण हा रोगप्रतिबंधाचाच भाग होय, हा विचार त्यांनी एड्सविरोधी कार्यात रुजवला.

शिक्षण व सुरुवात

मॅन यांचा जन्म बॉस्टन येथे झाला. १९७४ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते पुढे न्यू मेक्सिको राज्याचे साथरोगतज्ज्ञ झाले. १९८४ मध्ये त्यांनी झैरेतील (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) किन्शासा येथे एड्सविषयक संशोधन प्रकल्प उभारला. तेथे हा रोग प्रामुख्याने स्त्री-पुरुष संबंधांतून पसरत असल्याचे दिसून आले.

जागतिक कार्य

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स कार्यक्रमाची सूत्रे मॅन यांच्याकडे आली. त्या काळी सक्तीची तपासणी, प्रवासबंदी आणि विलगीकरण असे उपाय अनेक ठिकाणी योजले जात होते. नोकरी व प्रतिष्ठा गमावण्याच्या भीतीने माणसे तपासणी टाळतात, त्यामुळे लागण लपून राहते आणि वाढते, असे मॅन यांचे प्रतिपादन होते. पहिला जागतिक एड्स दिन १ डिसेंबर, १९८८ रोजी त्यांच्याच कारकिर्दीत पाळला गेला. महासंचालक हिरोशी नाकाजिमा यांच्याशी मतभेद झाल्याने १९९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी आरोग्य आणि मानवी हक्क या विषयाच्या अभ्यासाचा पाया घातला.

मृत्यू व स्मृती

जिनिव्हाला जात असताना कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया किनाऱ्याजवळ झालेल्या विमान अपघातात मॅन आणि त्यांच्या पत्नी, एड्स लस संशोधक मेरी लू क्लेमेंट्स-मॅन, यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार २००८ मध्ये भारतातील डॉ. बिनायक सेन यांना मिळाला.