विश्लेषण : १३व्या वर्षी वेम्बलीवर, १६व्या वर्षी मँचेस्टर युनायटेडमध्ये... कोण होता डंकन एडवर्ड्स? वयापेक्षा मोठ्या गटात खेळण्याबद्दल त्याची कारकीर्द काय सांगते?

एखादा मुलगा आपल्या वयोगटात सहज चार-पाच जणांना चकवून गोल करू लागला, की त्याला वरच्या वयोगटात खेळवायचे का, हा प्रश्न पालक आणि प्रशिक्षकांसमोर उभा राहतो. २०२४च्या युरो अंतिम सामन्यात स्पेनकडून लमिन यमाल मैदानात उतरला, तेव्हा त्याला १७ वर्षे पूर्ण होऊन एकच दिवस झाला होता. अशी उदाहरणे दिसली की हा प्रश्न पुन्हा चर्चेत येतो. मात्र तो नवा नाही. सुमारे ७५ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका मुलाने जवळपास प्रत्येक टप्प्यावर आपल्यापेक्षा मोठ्यांबरोबर फुटबॉल खेळले. त्याचे नाव डंकन एडवर्ड्स.

डडलीतील मुलगा...

डंकनचा जन्म १ ऑक्टोबर १९३६ रोजी इंग्लंडमधील डडली या गावात झाला. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा हा भाग कोळसा आणि लोखंडाच्या कारखान्यांसाठी ओळखला जायचा. ग्लॅडस्टन आणि सारा अ‍ॅन यांचा तो मोठा मुलगा. धाकटी बहीण कॅरल अ‍ॅन १९४७ मध्ये अवघ्या १४ आठवड्यांची असताना गेली. त्यामुळे घरात डंकन एकटाच राहिला.

शाळेत तो फुटबॉलबरोबरच मॉरिस नृत्य आणि तलवार नृत्यातही पुढे होता. एकदा राष्ट्रीय नृत्य महोत्सव आणि शालेय फुटबॉलची राष्ट्रीय निवड चाचणी अशा दोन्ही संधी एकदम आल्या. त्याने चाचणी निवडली. त्याआधीच तो डडलीच्या शालेय संघात वयाने मोठ्या मुलांबरोबर खेळत होता. १ एप्रिल १९५० रोजी, साडेतेरा वर्षांचा असताना, तो इंग्लंडच्या शालेय संघाकडून वेम्बली मैदानावर उतरला. पुढे त्याच्याकडे कर्णधारपद आले आणि दोन हंगाम राहिले. म्हणजे पहिल्या सामन्यात तो संघातील लहानांपैकी एक होता.

मोठ्या मुलांसमोर तो टिकला कसा?

याचे एक उत्तर शरीरात आहे. पौगंडावस्था सर्वांना एकाच वयात येत नाही. १३ वर्षांची दोन मुले एकाच वर्गात शिकत असली, तरी त्यांच्या हाडांची आणि स्नायूंची वाढ दोन-तीन वर्षांच्या अंतराने झालेली असू शकते. जन्मदाखल्यावरचे वय आणि शरीराचे वय यांत फरक असतो, तो असा. एडवर्ड्स लवकर वाढला. पूर्ण वाढ झाल्यावर त्याची उंची सुमारे ५ फूट ११ इंच होती आणि अंगकाठी भक्कम.

जन्माच्या महिन्याचाही संबंध असतो. इंग्लंडमध्ये आज वयोगट १ सप्टेंबरपासून मोजले जातात. त्या हिशेबाने ऑक्टोबरमध्ये जन्मलेला मुलगा आपल्या गटातील सर्वात मोठ्यांपैकी एक ठरतो, तर ऑगस्टमधला सर्वात लहान. वाढत्या वयात हे अकरा महिने फार मोठे असतात. निवड झालेल्या मुलांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असते, हे अनेक देशांत आणि अनेक खेळांत आढळले आहे.

पण केवळ ताकदीवर भिस्त असलेली मुले, बाकीच्यांची वाढ झाली की मागे पडतात. एडवर्ड्सचे तसे झाले नाही. दोन्ही पायांनी तो लांब आणि अचूक पास द्यायचा. मूळ जागा लेफ्ट हाफची असली, तरी गरजेप्रमाणे बचावात किंवा आक्रमणातही खेळायचा. मोठ्यांमध्ये खेळताना निव्वळ धक्काबुक्कीने चेंडू मिळत नाही. त्यामुळे त्याला कौशल्याची सवय लवकर लागली असावी.

मँचेस्टर युनायटेडने त्याला कसे हाताळले?

युनायटेडच्या शोधकांनी १९४८ मध्येच त्याच्याबद्दल प्रशिक्षक मॅट बस्बी यांना कळवले होते. जून १९५२ मध्ये तो हौशी खेळाडू म्हणून क्लबमध्ये दाखल झाला. फुटबॉलमध्ये जम बसला नाही तर हाताशी काही असावे, म्हणून सुतारकामाची उमेदवारीही सुरू केली.

४ एप्रिल १९५३ रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध त्याने पहिल्या विभागातील पदार्पण केले. वय १६ वर्षे १८५ दिवस. युनायटेडने तो सामना १-४ असा गमावला. बस्बी यांनी त्याला लगेच कायमचे वर ठेवले नाही. पुढच्याच महिन्यात तो आपल्या वयाच्या मुलांबरोबर एफए युवा चषकाची अंतिम लढत खेळला. युनायटेडने वुल्व्हरहॅम्प्टनला दोन सामन्यांत मिळून ९-३ असे हरवले. पुढच्या हंगामात मात्र तो मुख्य संघात स्थिरावला. जानेवारी १९५४ मध्ये, १७व्या वर्षी, त्याला इंग्लंडच्या २३ वर्षांखालील संघात स्थान मिळाले.

२ एप्रिल १९५५ रोजी स्कॉटलंडविरुद्ध त्याने इंग्लंडच्या मुख्य संघातून पदार्पण केले. तेव्हा तो १८ वर्षे १८३ दिवसांचा होता. त्याच संघात ४० वर्षांचे स्टॅन्ली मॅथ्यूज होते. इंग्लंडने तो सामना ७-२ असा जिंकला. युद्धोत्तर काळात इंग्लंडकडून खेळलेला सर्वात तरुण खेळाडू हा त्याचा विक्रम १९९८ मध्ये मायकेल ओवेनने मोडला.

पुन्हा युवा संघात का?

इंग्लंडकडून खेळल्यानंतरही त्याच हंगामात बस्बी यांनी त्याला युवा चषकासाठी उतरवले. पूर्ण आंतरराष्ट्रीय खेळाडूला पोरांमध्ये का खेळवता, अशी टीका वृत्तपत्रांतून झाली. नियमाने मात्र तो पात्र होता. युनायटेडने सलग तिसऱ्यांदा चषक जिंकला आणि तिन्ही वेळा एडवर्ड्स संघात होता. वरच्या गटात गेलेला मुलगा मित्रांपासून तुटतो, ही पालकांची नेहमीची चिंता. एडवर्ड्सच्या बाबतीत वर जाणे आणि आपल्या वयात परतणे दोन्ही सुरू राहिले.

मग चुकले काय?

सामन्यांची संख्या. १९५५ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तो रुजू झाला. श्रुसबरीजवळच्या तळावर बॉबी चार्लटनही त्याच्याबरोबर होता. क्लबसाठी सुट्टी मिळे, पण लष्कराच्या संघाकडूनही खेळावे लागे. क्लब, देश आणि लष्कर धरून एका हंगामात त्याने जवळपास १०० सामने खेळले. आज विशीच्या आतील खेळाडूला एवढे खेळवण्याचा विचारही कोणता क्लब करणार नाही. आपण त्यातून अनेक वर्षे तगलो असतो का, हे कळायला त्याला वेळच मिळाला नाही.

म्युनिक आणि नंतर...

युनायटेडने १९५६ आणि १९५७ मध्ये सलग दोनदा लीग जिंकली. ५ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडमध्ये रेड स्टारशी ३-३ अशी बरोबरी साधून संघ युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत गेला. परतताना विमान इंधनासाठी म्युनिकला थांबले. उड्डाणाचे दोन प्रयत्न सोडून द्यावे लागले. ६ फेब्रुवारीच्या तिसऱ्या प्रयत्नात धावपट्टीवरील अर्धवट वितळलेल्या बर्फामुळे विमानाला पुरेसा वेग मिळाला नाही आणि ते कोसळले. आठ खेळाडूंसह २३ जणांचा मृत्यू झाला.

एडवर्ड्सचा पाय मोडला होता, बरगड्या तुटल्या होत्या आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली होती. कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र मागवण्यात आले. तो १५ दिवस झुंजला. २१ फेब्रुवारीला, वयाच्या २१व्या वर्षी, त्याची प्राणज्योत मालवली. डडलीत बहिणीशेजारीच त्याचे दफन झाले. युनायटेडकडून १७७ सामने आणि २१ गोल, इंग्लंडकडून १८ सामने आणि ५ गोल एवढीच नोंद मागे राहिली. १९६६चा विश्वचषक इंग्लंडने जिंकला, तेव्हा तो २९ वर्षांचा असता.

आजच्या अकादमी काय करतात?

गेल्या दशकात इंग्लंडमधील अकादमींनी वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवण्याचे प्रयोग केले. मुलाची उंची, वजन आणि आई-वडिलांची उंची यांवरून त्याची प्रौढ वयातील उंची किती होईल याचा अंदाज बांधतात. त्या उंचीच्या किती टक्के तो आज पोहोचला आहे, त्यावरून गट ठरतो. लवकर वाढलेल्याला तोलामोलाचे प्रतिस्पर्धी मिळतात आणि उशिरा वाढणारा चिरडला जात नाही. हे गट काही सामन्यांपुरते असतात. उरलेला वेळ मुले आपल्या वयातच खेळतात.

आपल्याकडे वयोगटाचा वाद बहुधा उलट्या कारणाने होतो. मोठा मुलगा कागदावर लहान दाखवला जातो आणि मग मनगटाच्या क्ष-किरण चाचणीने हाडांचे वय तपासावे लागते. मात्र मुलाला खरोखर वरच्या गटात पाठवायचे असेल, तर एडवर्ड्सच्या कारकिर्दीवरून तीन गोष्टी आधी तपासता येतात. तो केवळ अंगाने मोठा आहे की खेळानेही? आपल्या वयाच्या संघात परतण्याची वाट उघडी आहे का? आणि शाळा, क्लब, जिल्हा असे सगळे मिळून वर्षाला तो किती सामने खेळतो, याचा हिशेब कोणी एक जण ठेवतो का?