जकात शेवटी भरतो कोण? बाबासाहेब नावाचे अर्थतज्ज्ञ

आम्ही सानपाड्याचे. तुर्भ्याचे कांदा-बटाटा मार्केट जवळच. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले, डिसेंबरात बंदीच आली. शुल्क पूर्ण उठले 1 एप्रिल 2025 ला. बांगलादेश आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. शेजाऱ्याकडे जाणाऱ्या मालावर असा कर न्याय्य का, हा वाद आमच्या नाक्यावरही रंगला. अशा वेळी आम्हाला बाबासाहेब आठवतात. जयंतीच्या बॅनरवरचे नव्हे, अर्थशास्त्राचे विद्यार्थी.

1891 साली महूला जन्मलेला सुभेदार रामजींचा हा मुलगा बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथला त्यांचा एक प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता, दुसरा ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर. पुढे प्रांतिक वित्तावरचा ग्रंथ 1925 साली आला. कंपनीच्या राज्यात माल एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाताना नाक्यानाक्यावर जकात द्यावी लागे. या अंतर्गत आणि बाहेरच्या जकातींनी व्यापार आणि उद्योग दोन्ही खुंटले, असे बाबासाहेबांचे निदान होते. बंगालमधल्या अशा जकाती 1836 मध्ये, तर मद्रासमधल्या 1844 मध्ये उठल्या.

मग ते खुल्या व्यापाराचे भक्त होते का? आम्हाला तसे वाटत नाही. 1923 च्या रुपयावरील ग्रंथात आणि 1925 मध्ये चलन आयोगापुढच्या साक्षीत त्यांचा रोख वेगळाच दिसतो. रुपया स्वस्त झाला की निर्यातदार खूश होतो. पण भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या खिशातून निघतो. गिरणगावातल्या, चाळीतल्या आपल्या माणसांना हे शिकवावे लागत नव्हते, ते रोजच सोसत होते. कांद्याच्या शुल्कालाही आम्ही हाच प्रश्न लावतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला, पण भाव पडला तो नाशिकच्या शेतकऱ्याचा. माल कमी आला तर माथाडीची वाराई बुडते, तिचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

ते मसुदा समितीचे अध्यक्ष असताना देशांतर्गत व्यापार मुक्त ठेवणारे 301 वे कलम संविधानात आले. संस्थानांतून बनलेल्या काही राज्यांना मात्र 306 व्या कलमाने जकातीची तात्पुरती सवलत मिळाली. सातव्या घटनादुरुस्तीने 1 नोव्हेंबर 1956 रोजी तीही संपली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा अठरा दिवस झाले होते. महापरिनिर्वाणाला पस्तीस दिवस उरले होते.