एका लेखणीचे दोन संसार

भोरचा राजवाडा आज अनेकांना ठाऊक आहे तो चित्रपटांमुळे. पडद्यावर त्याच्या चौकात कधी जमीनदाराची हवेली उभी राहते, तर कधी एखाद्या राजाचा दरबार भरतो. पण १९४८ सालापर्यंत नीरेकाठच्या या गावी खराखुरा दरबार होता. छत्रपती राजारामांच्या काळात पराक्रम गाजवणाऱ्या शंकराजी नारायण सचिवांच्या घराण्याचे हे संस्थान. त्याच्या तालुक्यांची नावेही किल्ल्यांची होती : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवन मावळ. प्रचंडगड म्हणजे आपला तोरणा. त्याच्या पायथ्याचा वेल्ह्याकडचा शेतकरी पुण्याच्या कलेक्टरची नव्हे, तर भोरच्या पंतसचिवांची रयत होता.

या रयतेचे दुखणे दुहेरी होते. ब्रिटिश मुलखातल्या माणसाला निदान नगरपालिका होती, कायदेमंडळ होते, वर्तमानपत्र होते. संस्थानातल्या माणसाला जे मिळेल ते राजाच्या मर्जीने. बाहेरून कोणी त्याची बाजू मांडू म्हणेल, तर १९२२ च्या कायद्याने संस्थानिकाविरुद्ध अप्रीती पसरवणे हा ब्रिटिश हद्दीतही गुन्हा ठरवला होता. अशा काळात दक्षिणेतल्या संस्थानी प्रजेची कड घेऊन पुण्यात बसून लिहिणारा एक मोठा माणूस होता. त्याची ख्याती मात्र कोणत्याही बाबतीत टोकाला न जाण्याबद्दलची. नरसिंह चिंतामण ऊर्फ तात्यासाहेब केळकर.

संस्थान म्हणजे काय, हे तात्यासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. २४ ऑगस्ट १८७२ रोजी ते मोडनिंबला जन्मले, आणि ते गाव तेव्हा मिरज संस्थानातले. कायद्याची परीक्षा देऊन त्यांनी साताऱ्यास वकिली सुरू केली. १८९६ मध्ये टिळकांनी त्यांना पुण्यास बोलावून घेतले. ‘मराठा’ या इंग्रजी पत्राला संपादक हवा होता. चोविशीतला हा वकील आला आणि पुढे सारे आयुष्य पुण्याचाच होऊन राहिला.

टिळकांच्या वाड्यात जहालांची गर्दी असे. त्या गर्दीत केळकर हे जहालांतले मवाळ म्हणून ओळखले गेले. स्वभावाने ते वकील होते. समोरच्याची बाजू त्यांना आधी दिसे, आपली नंतर. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना ‘केसरी’ आणि ‘मराठा’ चालू ठेवायचे, सरकारला पत्रे बंद करण्याचे निमित्त द्यायचे नाही, आणि वाचकाला आपण वाकलो असेही वाटू द्यायचे नाही, ही कसरत त्यांनी वर्षानुवर्षे केली. निम्मी हयात बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला या कामाची किंमत कळते. ठेव वाढवणाऱ्याचे कौतुक होते. बुडू न देणाऱ्याचे नाव मात्र ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

त्याच काळात दुसरा संसारही चालू होता. १९१३ मध्ये ‘तोतयाचे बंड’ हे त्यांचे नाटक आले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तोतया हा त्याचा विषय. ‘चंद्रगुप्त’, ‘कृष्णार्जुनयुद्ध’ ही नाटकेही त्याच सुमाराची. विनोदावर त्यांनी ग्रंथ लिहिला, आयर्लंडचा इतिहास लिहिला. पेशवाई बुडाल्याला शंभर वर्षे झाली, त्या १९१८ साली त्यांनी ‘मराठे व इंग्रज’ लिहून आपण का हरलो याचा शांतपणे हिशेब मांडला. १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तेथे त्यांनी वाङ्मयाच्या आनंदाविषयी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. नाटक पाहणारा माणूस त्यात पुरता बुडतो, तरी आपण पाहणारे आहोत हे भान सोडत नाही. तो दुसऱ्याचे सुखदुःख भोगतो आणि स्वतःही शिल्लक राहतो. त्या दोन अवस्थांच्या एकत्र असण्यात आनंद आहे, असा त्याचा साधा अर्थ.

मला वाटते, ही केवळ साहित्याची मीमांसा नव्हती, तो त्यांचा स्वभावच होता. राजकारणातही ते असेच आत राहून बाहेर उभे असत. आणि तेथेच पंचाईत झाली. राजकारणाला संपूर्ण समाधी लागते, निदान अनुयायांना तरी ती हवी असते.

१९२० मध्ये टिळक गेले. गांधीजींच्या असहकाराने देश भारून गेला. केळकरांना ती वाट पटली नाही. कायदेमंडळे ओस टाकण्यापेक्षा तेथे जाऊन मिळेल ते पदरात पाडावे, असे त्यांचे मत. ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. पुढे जयकर आणि मुंजे यांच्याबरोबर त्यांनी प्रतिसहकाराचा पक्ष काढला. हिंदुमहासभेच्या अध्यक्षपदावर बसले, १९३२ मध्ये लंडनच्या तिसऱ्या गोलमेज परिषदेलाही गेले. तरुण पिढी त्यांच्यापासून दूर गेली. मिठाचा कायदा मोडून तुरुंगात गेलेल्या मुलांना घटनेच्या कलमांत रमलेला हा साठीचा माणूस जुना वाटला, यात नवल नाही.

संस्थानांच्या प्रश्नात हेच वळण स्पष्ट दिसते. १९३३ मध्ये अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषदेच्या मुंबईच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. राजे नकोत, अशी परिषदेची तेव्हा मागणी नव्हती. राजा राहावा, पण कारभार प्रजेला जबाबदार असावा, एवढेच तिचे म्हणणे. जुने घर पाडायचे नाही, खिडक्या पाडून घ्यायच्या, हे केळकरांच्या प्रकृतीला मानवणारे होते. आणि याच सुमारास, १९३४ मध्ये, त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘नवलपूरचा संस्थानिक’! व्यासपीठावर ज्यांना अर्ज-विनंत्या करायच्या, त्यांच्यातल्या एकाला कादंबरीत आणून बसवायचे, हे दोन संसार करणाऱ्यालाच सुचावे.

आता जमा-खर्च पाहू. राजे आपण होऊन बदलतील, हा भरवसा पुरता खोटा नव्हता. शेजारच्या औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली. पण औंध एकच निघाले. बाकीच्या बहुतेक ठिकाणी विनंतीची दखल राजाच्या सवडीने घेतली गेली. वेल्ह्याच्या डोंगरातल्या माणसाला सवड नव्हती. त्याची नाचणी आणि भात पावसाच्या हवाली, आणि न्याय दरबाराच्या. सावध माणसाच्या सावधपणाची किंमत बहुतेक वेळा दुसराच कोणी मोजतो. तात्यासाहेबांच्या राजकारणावरचा हा आक्षेप मला आजही खोडता येत नाही.

तरीही दुसरी बाजू उरतेच. टिळकांचे तीन खंडांतले चरित्र त्यांनी लिहिले, आणि ज्याची सावली अंगावर पडली त्या माणसाबद्दल लिहितानाही लेखकाचे भान सोडले नाही. मतभेद झाला म्हणून लेखणीत विष कालवायचे नाही, हा त्यांचा रिवाज. ज्या पक्षात वावरले तेथे आवाज चढत गेले, पण त्यांचा स्वर फारसा चढला नाही. नाटककाराला खलपुरुषाच्या तोंडीही पटतील अशी वाक्ये घालावी लागतात. ही सवय एकदा लागली की प्रतिपक्ष केवळ दुष्ट आहे, असे मानणे जड जाते. राजकारणाने त्यांच्या कलेला विषय दिले. कलेने त्यांच्या राजकारणाला सभ्यता दिली आणि कदाचित धारही काढून घेतली.

१९३५ पासून ते ‘सह्याद्रि’ मासिकाचे संपादक होते, १९३९ मध्ये ‘गतगोष्टी’ हे आत्मचरित्र आले. राजकारणात मागे पडलेल्या या माणसाला महाराष्ट्राने साहित्यसम्राट म्हटले. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी, स्वातंत्र्य येऊन दोन महिने होतात न होतात तोच, ते पुण्यात वारले. पुढच्याच वर्षी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पंतसचिवांची रयत एका सहीने नागरिक झाली. खिडक्या पाडण्याची वेळ आलीच नाही, घरच बदलले.

आज तोरण्याला जाणारी तरुण मुले वेल्ह्यात चहा घेतात. त्यांच्यातल्या कितीजणांना केळकर ठाऊक असतील कोणास ठाऊक. घरात आजोबा एका पक्षाचे आणि नातू दुसऱ्या, अशी आज बऱ्याच कुटुंबांची तऱ्हा आहे. रविवारच्या जेवणावर वाद पेटतो आणि ताटे तशीच राहतात. आपले मत न सोडता दुसऱ्याची बाजू त्याच्याइतकीच चांगली मांडून दाखवता येते का, एवढे एकदा करून पाहावे. तात्यासाहेबांना ते येत होते. त्याने त्यांना राजकारण जिंकता आले नाही. पण त्यांच्याशी भांडलेल्यांनाही त्यांची पुस्तके घरात ठेवता आली.