अतिया फैजी : लंडनहून बहिणींना धाडलेला रोजनामचा

मुरुड-जंजिऱ्याची सहल आमच्या शाळेत जवळपास ठरलेलीच. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचं, किल्ला बघायचा, कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढायचे आणि परत फिरायचं. मुरुडमध्ये नवाबांचा राजवाडा दिसला की मुलं हमखास विचारतात, इथे कोण राहायचं? आम्ही सांगतो, नवाबसाहेब. तोफ, तटबंदी, नवाब. एवढ्यावर इतिहासाचा तास संपतो.

खरं तर त्या मुलांना, त्यातही मुलींना, आणखी एक गोष्ट सांगायला हवी. याच संस्थानच्या बेगम नाझली यांची धाकटी बहीण १९०६ साली शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली. तिथून ती घरी रोजनामचा पाठवत राहिली. तो उर्दूत छापून आला आणि हिंदुस्थानभरच्या पडदानशीन बायकांनी वाचला. त्या बहिणीचं नाव अतिया फैजी. शिक्षकी पेशातली माणसं म्हणून आमचं त्यांच्याशी एक नातं लागतं. आम्ही बी.एड.ला होतो तेव्हा त्यांचं नाव कुठल्याच पुस्तकात नव्हतं, याची खंत आजही वाटते.

अखबारच्या वह्यांचं घर

अतिया यांचा जन्म १८७७ चा, आणि तोही इस्तंबूलचा. वडील हसनअली व्यापारी होते, त्यांचा व्यापार तुर्कस्तानात होता. घराणं सुलेमानी बोहरा, मुंबईच्या तय्यबजी खानदानातलं. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक असलेले न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतावळ्यातले. झेहरा, नाझली आणि अतिया या तिन्ही बहिणी शिकल्या आणि तिघींनीही लिहिलं.

या खानदानाची एक रीत आम्हाला फार आवडते. घराघरांत एक वही ठेवलेली असायची, तिला अखबारची वही म्हणत. घरातल्या कुणीही, मुलं असोत की बायका, पाहुणे असोत की बुजुर्ग, तीत लिहायचं. आज काय झालं, कोण आलं, पाऊस किती पडला, कोण आजारी आहे, असं काहीही. बोहरा घरांची जुनी बोली गुजराती. पण बद्रुद्दीन यांच्या आग्रहाने या खानदानाने उर्दू जवळ केली, आणि मग वह्याही उर्दूत भरू लागल्या. लंडनला जाऊन रोज लिहिण्याची सवय अतिया यांना कुठून लागली, हे आता वेगळं सांगायला नको. ज्या घरात मुलीच्या हातात वही देतात, त्या घरातली मुलगी परदेशात गेली तरी लिहितेच.

शिष्यवृत्ती आणि समुद्र

१९०६ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून अतिया लंडनला जायला निघाल्या. वय एकोणतीस. लग्न झालेलं नाही. त्या काळात मुस्लिम घरातली अविवाहित बाई सातासमुद्रापार शिकायला जाते, ही लहान गोष्ट नव्हती. सोबत भाऊ होता. त्याच सुमारास खानदानावर मोठा घाला पडला. १९ ऑगस्ट १९०६ रोजी बद्रुद्दीन तय्यबजी लंडनमध्येच वारले. घरात सुतक असताना मुलीला थांबवायला एवढं निमित्त पुरेसं झालं असतं. पण कुणी थांबवलं नाही. सप्टेंबरमध्ये त्या बोटीत बसल्या.

प्रवेश मिळाला होता मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजमध्ये. मुलींच्या माध्यमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणारं हे कॉलेज १८७८ मध्ये सुरू झालेलं. म्हणजे अतिया तिथे पोचल्या तेव्हा त्याला तीस वर्षंही झालेली नव्हती. शिकवणं ही उपजत देणगी असते, बाई प्रेमळ असली की झालं, अशी समजूत तिकडेही होतीच. शिकवणं हा शिकून घ्यायचा पेशा आहे, त्यालाही अभ्यास लागतो, हे या कॉलेजने इंग्लंडला दाखवून दिलं.

त्यांनी काय पाहिलं

अतिया यांचा रोजनामचा वाचताना पहिल्यांदा जाणवते ती त्यांची नजर. इंग्लंडला गेलेले आपले बरेच प्रवासी इमारती मोजून आले. अतिया माणसं बघत होत्या, आणि माणसांमध्येही बायका. बायका एकट्या फिरतात, संस्था चालवतात, सभा घेतात, वेळेवर येतात, वेळेवर उठतात. कॉलेजमधली व्याख्यानं, म्युझियम, चित्रांची दालनं, चहाची आमंत्रणं, सगळं त्या टिपत गेल्या. आणि प्रत्येक ठिकाणी मनात तोच सवाल : आमच्याकडे असं का नाही? घरची आठवणही जागोजागी येते. बहिणींशिवाय करमत नाही, हे त्या लपवत नाहीत.

पेहरावाचा सवालही त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला. मेमसाहेबांचा झगा घातला नाही, बुरखाही घेतला नाही. आपल्याकडचा रेशमी पोशाख, डोकं झाकलेलं, चेहरा उघडा. लंडनच्या बैठकीत त्या अशाच बसायच्या. त्या पोशाखाकडे लोकांचं लक्ष जायचंच. ते पटो वा न पटो, तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

इथे एक गोष्ट शिक्षक म्हणून आम्ही जोडतो. अतिया जे इंग्लंड पाहत होत्या, तिथल्या बायकांना तेव्हा पार्लमेंटसाठी मत देता येत नव्हतं. मताच्या हक्कासाठी त्याच दिवसांत लंडनच्या रस्त्यांवर बायका पकडल्या जात होत्या. केंब्रिजलाही अतिया जाऊन आल्या. त्या केंब्रिजमध्ये मुली परीक्षा देत, पास होत, पण विद्यापीठाची पूर्ण पदवी त्यांना १९४८ पर्यंत मिळाली नाही. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठाने १८८३ मध्येच दोन बायकांना पदवी दिली होती. म्हणजे तिकडे सगळं उजेड आणि इकडे सगळा अंधार, असं चित्र नव्हतं. तिकडच्या बायका झगडत होत्या म्हणून पुढे गेल्या. अतिया यांचं कौतुक वाचताना हे ध्यानात ठेवलं तर न्यूनगंड येत नाही, उलट हुरूप येतो.

आणखी एक खरं सांगायला हवं. अतिया यांचं लंडन सगळ्यांचं लंडन नव्हतं. श्रीमंत खानदान, बहीण संस्थानची बेगम, त्यामुळे मोठमोठ्या घरांचे दरवाजे त्यांना सहज उघडले. भायखळ्याच्या किंवा भिवंडीच्या गरीब घरातल्या मुलीला हे जमलं नसतं. पण त्यांनी पाहिलेलं स्वतःपाशी ठेवलं नाही, म्हणून आम्ही त्यांना मानतो.

लाहोरच्या साप्ताहिकात

लाहोरहून १८९८ पासून तहजीब-ए-निस्वाँ नावाचं बायकांचं उर्दू साप्ताहिक निघत होतं. सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी ते सुरू केलं, आणि संपादन मुहम्मदी बेगम करत. अतिया यांचा रोजनामचा घरी पोचला की झेहरा तो नीट करून पुढे पाठवत आणि तो या साप्ताहिकात छापला जाई. ज्या बायकांनी स्वतःच्या गल्लीचं टोक पाहिलेलं नव्हतं, त्या आता लंडनच्या वर्गात काय चालतं ते वाचू लागल्या. आणि लिहिणारी त्यांच्यातलीच एक होती, त्यांच्याच भाषेत, बहिणीशी बोलावं तसं लिहिणारी. पुढे १९२१ मध्ये हे सगळं जमाना-ए-तहसील या नावाने आग्र्याहून पुस्तकरूपात आलं. नावाचा अर्थ, शिक्षणाचा काळ.

आणि तेच शिक्षण अर्धवट राहिलं! प्रकृतीने साथ दिली नाही. १९०७ च्या शरदात, वर्षभराने, अभ्यासक्रम पूर्ण न करताच त्या परतल्या. प्रमाणपत्र मिळालं नाही.

दुसऱ्यांच्या पत्रांतली अतिया

लंडनमध्येच १ एप्रिल १९०७ रोजी अतिया यांची भेट एका तरुण विद्यार्थ्याशी झाली. तो केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञान शिकत होता. नाव मुहम्मद इक्बाल. त्यांच्यात विद्वत्तेची चर्चा रंगायची. त्या उन्हाळ्यात इक्बाल जर्मनीत हायडलबर्गला जर्मन शिकत होते, तिथेही अतिया जाऊन आल्या. पुढे पत्रव्यवहार झाला आणि १९४७ मध्ये ती पत्रं अतिया यांनी पुस्तकात छापली. मौलाना शिबली नोमानी यांनीही त्यांना पत्रं लिहिली, ते जंजिऱ्याला पाहुणे म्हणूनही आले होते.

आमच्या उर्दू मंडळींना अतिया आठवतात त्या बहुधा एवढ्यापुरत्याच. इक्बाल कुणाला लिहीत होते, शिबली कुणाला लिहीत होते, याच्या चवीने गप्पा होतात. त्या बाईंनी स्वतः काय लिहिलं, हे विचारणारा क्वचित भेटतो. हा अन्याय आहे, आणि तो आपणच केलेला आहे.

१९१२ मध्ये त्यांनी चित्रकार सॅम्युएल रहामिन यांच्याशी लग्न केलं. रहामिन पुण्याचे, बेने इस्राइल समाजातले. म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे आपले यहुदी. त्यांनी इस्लाम स्वीकारला. दोघांनी एकमेकांची नावं जोडून फैजी-रहामिन असं आडनाव घेतलं. नवऱ्याने बायकोचं नाव लावायचं, हे आजही किती घरांत चालेल? नवी दिल्लीच्या सचिवालयातली भित्तिचित्रं याच रहामिन यांची. अतिया यांनी हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तकं लिहिली. अलीगढच्या शैक्षणिक परिषदेत पडद्याआड न बसता समोर उभं राहून बायकांच्या हक्कांवर बोलल्या.

फाळणीनंतर, १९४८ मध्ये, जिना यांच्या बोलावण्यावरून हे जोडपं आणि नाझली बेगम कराचीला गेले. मुंबईच्या घराचं ऐवान-ए-रिफअत हे नाव तिथल्या नव्या घरालाही दिलं, कलेच्या बैठकी सुरू केल्या. पण पुढे ते घर त्यांना सोडावं लागलं. शेवटची वर्षं हलाखीत गेली. १९६४ मध्ये रहामिन वारले आणि १९६७ च्या जानेवारीत अतिया. मुंबईने त्या गेल्या म्हणून विसरलं, कराचीने त्या आल्या हे विसरलं.

अर्धवट म्हणजे काय?

आमची एक माजी विद्यार्थिनी आहे. हुशार पोर. डी.एड.च्या पहिल्या वर्षी घरची परिस्थिती बिघडली, मग निकाह झाला, अभ्यासक्रम राहिला. आज ती घराच्या ओट्यावर मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस मुलांची शिकवणी घेते. अलिफ-बे पासून मराठीच्या बाराखडीपर्यंत सगळं. तिचा वर्ग आम्ही पाहिलाय, पाढे घोकून न घेता ती खडे मोजून शिकवते. पण शाळेच्या कार्यक्रमाला बोलावलं की येत नाही. आपण अर्धवट राहिलो, असं तिला वाटतं. तिला तसं वाटायला आपण सगळ्यांनीच हातभार लावलाय. मुलीचं शिक्षण सुटलं की आपण हळहळतो, आणि मग तिने मिळवलेलं एक वर्ष खिजगणतीतही धरत नाही.

अतिया फैजी यांच्याकडेही प्रमाणपत्र नव्हतं. एकच वर्ष होतं. त्या एका वर्षाचा एकेक दिवस त्यांनी लिहून काढला आणि ज्यांना जाता येत नव्हतं त्यांच्या हाती दिला. आमच्या मते शिक्षिकेचं काम याहून वेगळं नसतं. कॉलेजच्या नोंदवहीत त्या उत्तीर्ण नसतील, पण तहजीब-ए-निस्वाँ वाचणाऱ्या बायकांच्या त्या शिक्षिका होत्या.

म्हणून मुली पूर्ण शिकू नयेत, असं कुणी समजू नये. शिकाव्यात, पदवीपर्यंत आणि पदवीच्या पुढेही. आईबापांनी दहावीनंतर घाई करू नये, हे आम्ही दरवर्षी पालकसभेत सांगतो, यापुढेही सांगत राहू. पण काही कारणाने जिचं शिक्षण मधेच थांबलं, तिच्या हातातली वही तरी काढून घेऊ नका.

यंदाच्या सहलीत राजवाडा दिसला की आम्ही बस थोडी थांबवणार आहोत. नवाबांबद्दल सांगूच, पण त्याआधी लंडनहून बहिणींना लिहिणाऱ्या एका बाईंबद्दल सांगू. आणि परतल्यावर प्रत्येक मुलीने सहलीचा रोजनामचा लिहून आणायचा, मराठीत किंवा उर्दूत, जिला जसं जमेल तसं. तपासायला आमच्या त्या ओट्यावरच्या शिक्षिकेला बोलावणार आहोत. या वेळी ती येईल, अशी उमेद आहे.