पाताळगंगेमागचा माणूस

आपल्या रसायनीच्या नावातच रसायन आहे, पण इथल्या कारखान्यांची खरी गरज आहे पाणी, आणि ते येतं पाताळगंगेतून. भर मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी नद्यांची नुसती दगडं उरतात, तेव्हाही पाताळगंगा वाहत असते. फर्स्ट इयरची मुलं विचारतात, हे कसं काय? कारण हे पाणी फक्त पावसाचं नाही. लोणावळ्याजवळच्या तलावांत साठवलेलं पाणी मोठमोठ्या पाइपांतून घाट उतरतं, खोपोलीच्या पॉवर हाउसमध्ये टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत सोडलं जातं. म्हणजे वर वीज आणि खाली पाणी, एकाच थेंबाची दोन कामं!

या योजनेमागे जो माणूस होता त्याने ते पॉवर हाउस कधी पाहिलंच नाही. त्यांचं नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. तिथे टाटा म्हणजे जनरल नॉलेजच्या पुस्तकातली दोन ओळींची उत्तरं: स्टील आणि ताजमहाल हॉटेल. खोपोलीशी त्यांचं नातं मला इथे हॉस्टेलला आल्यावरच कळलं.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारीला, पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापाराला आले होते. त्यांच्यामागून जमशेटजीही आले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून वडिलांच्या धंद्यात शिरले. १८६८ मध्ये त्यांनी २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढे चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली आणि ती विकून टाकली.

त्यांची खरी ओळख झाली नागपूरला. सगळे जण मुंबईत गिरण्या काढत असताना हे गेले विदर्भात. हिशोब साधा होता: कापूस तिथे पिकतो आणि रेल्वे तिथपर्यंत पोचली आहे, मग माल उगाच इकडून तिकडे कशाला न्यायचा? १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथे त्यांनी नव्या प्रकारच्या रिंग चात्या आणल्या, हवेत ओलावा राखायची आणि आग विझवायची यंत्रणा बसवली. कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला. मशीन आणि माणूस दोघांचाही विचार त्यांनी आधीच केला होता.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, आणि गिरणगावावर धूर बसायचा. डेव्हिड गोस्टलिंग यांनी सह्याद्रीच्या पावसापासून वीज करण्याची कल्पना मांडली होती. जमशेटजींनी ती उचलून धरली. आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकतो की पॉवर ही फ्लो आणि हेड या दोघांवर अवलंबून असते. घाटमाथा आणि खोपोली यांच्यात पाचशे मीटरहून जास्त हेड आहे. एवढं हेड फुकट पडून होतं!

पण १९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचं निधन झालं. तेव्हा धरणाची एक वीटही रचलेली नव्हती. मुलगा दोराबजी आणि सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज सुमारे ७० किलोमीटर लांब तारांवरून परळला पोचली. नंतर आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरी (१९२२) आणि पुढे भिरा (१९२७) ही पॉवर हाउसेस उभी राहिली.

पोलादाचंही तसंच. कारखान्याची जागाही ठरली नव्हती तेव्हा, १९०२ मध्ये, त्यांनी दोराबजींना पत्र लिहून शहर कसं असावं ते कळवलं होतं. रस्ते रुंद असावेत, दोन्ही बाजूंना लवकर वाढणारी सावलीची झाडं असावीत, मैदानांना आणि बागांना भरपूर जागा सोडावी, प्रत्येक धर्माच्या प्रार्थनास्थळांना जागा राखावी. आधी रस्ता, मग कारखाना! ते शहर म्हणजे आजचं जमशेदपूर.

या कहाणीला दुसरी बाजूही आहे. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरण झालंच, गावं बुडाली. तेव्हा जमशेटजी हयात नव्हते, पण लाइन टाकताना ती कोणाच्या शेतातून जाते हे इंजिनियरने विचारायलाच पाहिजे, हा धडाही याच कहाणीतला आहे.

आता आपल्याकडे बघा. दांड फाट्याहून मोहोपाड्याकडे येताना एकाच वळणावर टँकर, एसटी, रिक्षा आणि पायी जाणारी शाळेची मुलं एकमेकांना चुकवत असतात. कुठे नवं डांबर पडतं आणि महिन्याभरात पाण्याच्या लाइनसाठी तोच रस्ता उकरतात, मग केबलसाठी पुन्हा. पैसा खर्च होतो, रस्ता मात्र ठिगळांचाच राहतो. इथे तंत्रज्ञानाची उणीव नाही. पाइप, केबल आणि रस्ता यांचं ड्रॉइंग एका टेबलावर आधी यायला हवं, एवढंच. चौक रुंद करायचा तर खालची लाइन आधी हलवायची, आणि पुढच्या लाइनसाठी रस्त्याखाली रिकामा पाइप तेव्हाच टाकून ठेवायचा. तो पाइप कुणाला दिसणार नाही, त्याचं उद्घाटनही होणार नाही, पण रस्ता पुन्हा फोडावा लागणार नाही.

दोन-तीन वर्षांत आपल्यातलेच काही जण अशा ड्रॉइंगवर सही करत असतील. पुढच्या पिढीचं पाणी, वीज आणि चालायचा रस्ता त्या सहीवर ठरणार आहे. जमशेटजींनी स्वतः न पाहिलेल्या पॉवर हाउसची सोय करून ठेवली. आपण निदान आपल्या समोरच्या फाट्याची तरी करू या.