गॅरी किल्डॉल

गॅरी आर्लेन किल्डॉल (१९ मे, १९४२:सिएटल, वॉशिंग्टन, अमेरिका - ११ जुलै, १९९४:मॉंटेरे, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. सूक्ष्मसंगणकांसाठीची सीपी/एम ही संचालन प्रणाली त्यांनी रचली.

जीवन

किल्डॉल यांनी १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. मॉंटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थेत ते अध्यापन करीत. इंटेलचे सल्लागार असताना त्यांनी पीएल/एम ही आज्ञावली-भाषा तयार केली. १९७४ मध्ये त्यांनी सीपी/एम सिद्ध केली. परंतु इंटेलने तीत रस दाखवला नाही. तेव्हा पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी कंपनी स्थापन केली. हीच पुढे डिजिटल रिसर्च या नावाने प्रसिद्ध झाली.

फाइलींची नोंदव्यवस्था

त्या काळच्या सूक्ष्मसंगणकांची स्मृती अत्यल्प असल्याने किल्डॉल यांनी फाइलींची नोंद शक्य तितकी आटोपशीर ठेवली. फ्लॉपी चकतीच्या आरंभीच्या भागात निर्देशिका (डिरेक्टरी) असे. प्रत्येक नोंद ३२ बाइटांची होती. तीत फाइलचे ८ अक्षरांचे नाव, ३ अक्षरांचा प्रकार आणि मजकूर असलेल्या ठोकळ्यांचे क्रमांक असत. मोठ्या फाइलसाठी एकाहून अधिक नोंदी लागत. फाइल पुसताना मजकूर तसाच राही. केवळ नोंदीच्या पहिल्या बाइटमध्ये खूण केली जाई. रिकाम्या जागेचा तक्ता चकतीवर साठवला जात नसे; निर्देशिका वाचून तो स्मृतीत नव्याने तयार होई. त्यामुळे चालू कामात चकती बदलल्यास जुन्या तक्त्यानुसार नव्या चकतीवरील मजकूर नष्ट होण्याचा धोका असे. म्हणून सीपी/एमच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा चकतीवर लिहिण्यास मज्जाव केला जाई. उपनिर्देशिकांची सोय मात्र नव्हती.

आयबीएम व उत्तरायुष्य

१९८० मध्ये आयबीएमशी झालेली बोलणी फलद्रूप झाली नाहीत. सीपी/एमच्या धर्तीवर टिम पॅटरसन यांनी लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली व ती आयबीएमच्या संगणकावर आली. तिने ठोकळ्यांची साखळी स्वतंत्र तक्त्यात नोंदवली, तरी नावाचा ८ व ३ अक्षरांचा साचा कायम ठेवला. आयबीएमने पुढे सीपी/एमही विक्रीस ठेवली. परंतु तिची किंमत २४० डॉलर, तर प्रतिस्पर्धी प्रणालीची ४० डॉलर होती. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीकडे गेली.

वारसा

हयातीत किल्डॉल यांची ओळख बहुधा हुकलेल्या कराराशीच जोडली गेली. २०१४ मध्ये आयईईई या संस्थेने पॅसिफिक ग्रोव्ह येथे सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक बसवला. अनेक डिजिटल कॅमेऱ्यांतील छायाचित्रांची नावे आजही आठ-तीन अक्षरांच्या साच्यात असतात.