पदवी नाकारणारा आष्टीचा जहागीरदार

वर्धा जिल्ह्यातील आष्टी या गावाचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव. परंतु या गावाला त्याहून बऱ्याच जुन्या काळाची एक खूण आहे. येथे मोगल पद्धतीचे दोन मकबरे शेजारी शेजारी बांधलेले आहेत, एक मोठा व एक लहान. मोठा पित्याचा, लहान पुत्राचा. पित्याचे नाव महंमदखान नियाझी, तर पुत्राचे अहमदखान.

महंमदखान हा नियाझी जमातीचा अफगाण सरदार. अकबराच्या दरबारी त्याचे नाव पाचशेच्या मनसबदारांत होते. शहाबाजखान कंबो याच्या हाताखाली तो बंगालमध्ये लढला आणि ब्रह्मपुत्रेच्या काठच्या लढायांत त्याने नाव मिळविले. त्याने आपल्याकडेच राहावे म्हणून शहाबाजखान त्याला वर्षाला एक लाख रुपये देत असे, असे सांगितले जाते. पुढे तो अब्दुर्रहीम खानखानान याच्याबरोबर सिंधच्या मोहिमेवर गेला. १५९१-९२ मधील या मोहिमेत ठट्ट्याचा मिर्झा जानी बेग याचा पराभव करण्यात महंमदखानाचा मोठा वाटा होता. दोह्यांचा कवी म्हणून आज ओळखला जाणारा रहीम तो हाच. या मोहिमेपासून दोघांचा स्नेह जडला.

१५९६ मध्ये वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडून मोगलांकडे आले. जहांगीरच्या कारकिर्दीत मोगलांना दक्षिणेत मलिक अंबरशी दीर्घकाळ झुंजावे लागले. या काळातील दक्षिणेच्या अनेक मोहिमांत महंमदखान सामील होता. त्याची मनसब दोन हजारांपर्यंत चढली आणि आष्टी, आमनेर, पवनार व तळेगाव हा मुलूख त्याला जहागीर म्हणून मिळाला. बहुतेक सरदार जहागिरीकडे केवळ वसुलाचे साधन म्हणून पाहत. महंमदखानाने मात्र आष्टीलाच आपले घर केले. उजाड झालेला आसपासचा मुलूख त्याने पुन्हा वसविला, जमीन लागवडीखाली आणली, वाडे बांधले, बागा लावल्या. त्याच्या फौजेत मुख्यतः नियाझी अफगाणच होते. एखादा शिपाई वारला तर त्याच्या पगारातील वाटा त्याच्या वारसांना पोचविण्याची व्यवस्था त्याने ठेवली होती.

त्याच्या आयुष्यातील सर्वांत लक्षणीय प्रसंग मात्र रणांगणावरचा नाही. मोगल दरबारात पदवीला मनसबीइतकेच मोल होते. पदवी मिळाली की माणसाचे मूळ नाव मागे पडे. झमाना बेग हा महाबतखान झाला, अबुल हसन हा आसफखान झाला, मेहरुन्निसा ही नूरजहान झाली. खुद्द जहांगीरचेही मूळ नाव सलीम. जग जिंकणारा या अर्थाचे नाव त्याने गादीवर बसताना धारण केले. अशा या दरबारात बादशहाने महंमदखानाला पदवी देऊ केली आणि त्याने ती नाकारली. आपले नाव महंमद आहे व याहून श्रेष्ठ अशी दुसरी पदवी असू शकत नाही, हे त्याचे कारण.

बादशहाची देणगी परत करणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु या नकारात उद्धटपणा नव्हता, श्रद्धा होती. इस्लामच्या पैगंबरांना मुसलमान अनेक नावांनी आळवतात. पैगंबरी लाभण्यापूर्वीच मक्केचे लोक त्यांना अल-अमीन, म्हणजे विश्वासू, म्हणत. मुस्तफा म्हणजे निवडलेले, बशीर म्हणजे शुभवार्ता देणारे, रहमतुल्लिल आलमीन म्हणजे साऱ्या जगांसाठी कृपा. या सर्वांत मूळ नाव महंमद. त्याचा अर्थ ज्याची पुनःपुन्हा स्तुती केली जाते असा. कुराणात ते चार वेळा आले आहे. त्याच धातूपासून बनलेले अहमद हे नाव एकदा आले आहे. ही नावे मुसलमान घराघरांत मुलांना ठेवली जातात. हाक मारताना त्यांचा अर्थ सहसा कोणाच्या मनात येत नाही. महंमदखानाने मात्र तो मनात ठेवला होता आणि मोठ्या मोहाच्या क्षणी त्याला तो आठवला.

१६२७ मध्ये महंमदखान वारला. बादशहा जहांगीर व खानखानान हेही त्याच वर्षी निवर्तले. महंमदखानाला आष्टीतच दफन करण्यात आले. अहमदखानानेही शहाजहानच्या काळात पराक्रम गाजविला. १६५१ च्या सुमारास तो मरण पावला आणि पित्याशेजारी विसावला. अशा रीतीने पैगंबरांची दोन नावे विदर्भातील या गावी शेजारी शेजारी चिरविश्रांती घेत आहेत. त्यानंतर घराण्याचे वैभव हळूहळू ओसरले.

पुढे १९४२ ने या गावालाच एक उपाधी दिली. आज ते आष्टी (शहीद) म्हणून ओळखले जाते. ही उपाधी कोणा बादशहाने बहाल केलेली नाही, ती गावाने प्राण देऊन मिळविली. आष्टीला हुतात्म्यांपुढे नतमस्तक होण्यासाठी जाणाऱ्यांनी या दोन मकबऱ्यांपाशीही क्षणभर थांबावे. दरबारातील कितीतरी भारदस्त पदव्या आज विस्मरणात गेल्या आहेत. पदवी नाकारणाऱ्या त्या सरदाराचे नाव मात्र त्याने जसे राखले तसेच राहिले आहे.